पहाटेची गोळी

पेटीबद्दल माझी काही तक्रार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. दोन हजार एक्केचाळीस साली ती आली, तेव्हा कुरुंदवाड आणि आसपासच्या सगळ्या औषध दुकानांत एकट्या माझ्या दुकानाला तिचा परवाना मिळाला आणि मी, अभिनंदन चौगुले, पेढे वाटले होते. देव्हाऱ्याएवढी लोखंडी पेटी, भिंतीत बोल्टने पक्की केलेली. पुढे एक पडदा आणि अंगठा ठेवायची काच. मॉर्फिनच्या जातीतल्या सगळ्या गोळ्या तिच्या पोटात असतात. दुकान माझं असलं तरी ती मला उघडता येत नाही. त्याला रुग्णाचा अंगठा लागतो.

ती का आली तेही थोडक्यात सांगतो. त्याआधीची काही वर्षं या गोळ्या दुखणाऱ्या माणसांपेक्षा न दुखणाऱ्यांकडेच जास्त पोचत होत्या. म्हाताऱ्याच्या नावावर महिन्याचा साठा उचलायचा, म्हाताऱ्याला निम्मा द्यायचा आणि उरलेला कॉलेजच्या मागच्या दारी विकायचा, असा धंदा चालला होता. पोरं मेली. मग राज्यानं कायदा केला. एका वेळी सात दिवसांच्या वर गोळ्या कुणालाच नाहीत, आणि आधीच्या सात दिवसांच्या गोळ्या त्याच माणसाच्या रक्तात गेल्याचा पुरावा मिळाल्याशिवाय पुढच्या सात दिवसांच्या नाहीत. नदीपलीकडच्या राज्यात ही मर्यादा तीस दिवसांची आहे आणि पुरावाबिरावा कुणी मागत नाही. पाणी एकाच नदीचं पितो आम्ही, पण अलीकडच्या काठावर दुखणं आठवड्यानं मोजायचं आणि पलीकडच्या काठावर महिन्यानं. तिकडून गोळ्या आणाव्यात म्हटलं, तर तिकडचं रहिवासी कार्ड लागतं.

पुरावा देते ती चकती. मोठ्या बटणाएवढी असते, दंडावर चिकटवायची. तिच्या खालच्या बाजूला डोळ्यांना न दिसणाऱ्या शंभरेक सुया असतात आणि कातडीखालच्या पाण्यात औषध किती आहे ते दर पाच मिनिटांनी मोजतात. गोळी घेतली की औषध रक्तात चढतं, मग यकृत ते मोडत जातं तसं उतरतं. घाटाच्या रस्त्यासारखा त्याचा आलेख निघतो. नाडी आणि घाम यांवरून माणसाला दुखतंय किती, याचा अंदाजही तीच चकती घेते. नेमल्या दिवशी रुग्णानं अंगठा लावला की पेटी दोन आलेख एकमेकांवर ठेवून बघते. एक डॉक्टरांच्या चिठ्ठीप्रमाणे असायला हवा तो, आणि दुसरा चकतीनं प्रत्यक्ष पाहिला तो. जुळले तर हिरवा दिवा. नाही जुळले तर लाल, आणि मर्यादा सातावरून तीन दिवसांवर येते. महिनाभर लालच राहिला तर एक दिवस. त्यानंतरही महिनाभर लालच राहिला तर पेटी बंद आणि चौकशी. हे सगळं आपोआप होतं. कुणाला शिव्या घालायची सोय नाही.

माझ्या आत्तीचा, म्हणजे राजमती मगदूमचा, वार गुरुवार. वय त्र्याहत्तर, कॅन्सर कमरेच्या हाडात पसरलेला. गावाबाहेर नऊ किलोमीटरवर मळ्यात राहायची. तिचा मुलगा जयपाल अबुधाबीला पुलांच्या कामावर, त्यामुळे घरात ती आणि सून त्रिशला, दोघीच. सकाळी एक आणि संध्याकाळी एक, अशा बारा-बारा तास पुरणाऱ्या गोळ्या तिला होत्या. पावसाळ्यात दुखणं वाढलं तेव्हा डॉक्टरांनी रात्रीसाठी तिसरी, लगेच उतारा देणारी छोटी गोळी लिहून दिली. एप्रिलपासून सगळे गुरुवार हिरवे गेले होते.

नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात लाल दिवा लागला. पडद्यावर अक्षरं आली: ‘पहाटे तीव्र वेदना आढळली. रात्रीचे औषध रक्तात आढळले नाही. दिलेल्या गोळ्या अन्यत्र गेल्याची शक्यता.’

मी आधी पेटीलाच नावं ठेवली. मग दुपारी दुकानात सामसूम झाल्यावर तिचे सात महिन्यांचे आलेख उघडून बसलो. रात्रीची गोळी खरंच कुठं दिसत नव्हती; एवढ्या छोट्या गोळीची तूट पेटी आजवर चालवून घेत होती, थंडीत पहाटेचं दुखणं वाढलं तेव्हा तिला संशय आला. आणि संध्याकाळची गोळी सरकत होती. जूनमध्ये सातला पाच कमी असताना घेतलेली, सप्टेंबरअखेरीस सव्वासहाला, आता पावणेसहाला. रोज थोडी थोडी अलीकडे. घड्याळ बघून कुणी अशी गोळी घेत नाही. मग माझ्या डोक्यात उजेड पडला आणि माझीच मला लाज वाटली. आत्ती सूर्य बघून गोळी घेत होती.

आम्ही जैन. दिवस बुडाल्यावर खायचं नाही, असा आमच्यात नियम आहे. तो पाळणारे पाळतात आणि माझ्यासारखे रात्री नऊला गाड्यावर भजी खाऊन तोंड पुसत घरी येतात. आत्तीनं मात्र अठ्ठावीस वर्षांची असताना चातुर्मासात मुनी महाराजांसमोर व्रत घेतलं होतं. सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत अन्न नाही, पाण्याचा थेंब नाही. व्रत घेताना औषधाची सूट मागून ठेवतात बरेच जण. हिनं मागितली नव्हती. त्या वयात औषध कुणाला लागतंय?

मी मळ्यात गेलो. त्रिशलानं फडताळातून एक डबा काढून पुढं ठेवला. त्यात रात्रीच्या गोळ्या, जवळजवळ शंभर. रिकामी पाकिटं पेटीला परत द्यावी लागतात, म्हणून आत्ती दर आठवड्याला गोळ्या काढून डब्यात टाकायची आणि पाकिटं इमानदारीनं परत पाठवायची. ‘घेऊन जा तुझ्या तुला, वाया कशाला घालवायच्या,’ असं ती मलाच म्हणाली. तिला वाटत होतं, वापरलं नाही म्हणजे आपण काटकसर केली. मी तिला सांगितलं की कायद्याच्या दृष्टीनं त्या डब्यासाठी तीन वर्षांची सजा आहे. मग मी त्या सगळ्या गोळ्या पाण्यात विरघळवून शेणकुंडीत ओतल्या. तीस वर्षांच्या धंद्यात मोडलेला तो माझा पहिला नियम.

पेट्यांच्या नियंत्रण कक्षाशी मी पडद्यावरून बोललो. समोरच्या बाई भल्या होत्या, त्यांनी सगळं ऐकून घेतलं. गोळीची वेळ बदलायचा अर्ज आहे म्हणाल्या, पण त्यात ठराविक वेळ लिहावी लागते. सूर्यास्त ही वेळ यंत्राला घेता येत नाही. बारमाही साडेपाच लिहावं, तर छोट्या गोळीचा जोर पहाटेपर्यंत टिकत नाही, म्हणजे पुन्हा लालच. रात्रीची गोळी चिठ्ठीतूनच काढून टाकतो म्हटलं, तर लाल शेरा असताना गोळी कमी केली की ती बाहेर गेल्याची कबुली धरतात. मग सगळीच पेटी बंद. शेवटी त्या एवढंच म्हणाल्या, की पेशंटनं पहाटे ती गोळी घ्यावी, म्हणजे दोन आठवड्यांत सगळं सुरळीत होईल. चूक काय होतं त्यांचं? मीही दुसऱ्या कुणाला तेच सांगितलं असतं.

आत्तीला सांगायला मात्र मी पुन्हा मळ्यात गेलो आणि हात हलवत परत आलो. औषध म्हणजे जेवण नव्हे, महाराजांना विचारू या, ते आनंदानं सूट देतील, असं मी सगळं बोलून पाहिलं. ती खाटेवर पडून शांतपणे ऐकत होती.

“देतील की सूट,” ती म्हणाली. “पर मागाय मलाच लागणार न्हवं? अभि, माझ्या अंगातलं एकेक चाललंय. हाडं गेली, चालणं गेलं. मी म्हणून जे काय ऱ्हायलंय ते येवढंच. ते बी तुझ्या पेटीत टाकू?”

“आणि पहाटे दुखतंय ते?”

“दुखणं माझं हाय. कवा सोसायचं ते मी बघीन.”

पेटीचं नेमकं याच्या उलट म्हणणं होतं. दुखतंय, गोळी हाताशी आहे, आणि तरी माणूस ती घेत नाही, असं कसं होईल? तेव्हा गोळी विकलीच असणार. माणूस दुखणं जवळ ठेवून घेऊ शकतो, हे ज्यांनी ती बनवली त्यांना कधी सुचलंच नव्हतं.

डिसेंबरात तीन दिवस होते, जानेवारी लागला आणि मर्यादा एक दिवसावर आली. म्हणजे रोज अंगठा. रोज त्या मोडक्या कंबरेनं रिक्षात बसून नऊ किलोमीटर यायचं आणि नऊ किलोमीटर जायचं. मी माणूस पाठवतो म्हणावं तर अंगठा पाठवता येत नाही. वाटेत अकरा गतिरोधक आहेत. हा आकडा मला त्रिशलानं सांगितला. प्रत्येक गतिरोधकाला आत्ती तोंडात पदर धरायची, म्हणाली. दुकानापाशी आल्यावर पदराला दातांचे ओले वळ असायचे. मी काउंटरमागून ते बघायचो आणि औषधांच्या बाटल्या उगीच इकडच्या तिकडे करायचो. मला भयंकर राग येत होता. कधी पेटीचा, कधी आत्तीचा.

अशाच एका दिवशी आत्तीला रिक्षात बसवून त्रिशला पिशवी घ्यायला परत आत आली. तिनं विचारलं, की आंघोळीला चकती काढली तर चालते का. मी म्हटलं, दहा मिनिटांपर्यंत चालते, नंतर यंत्र तक्रार करतं. मग ती म्हणाली, “दादा, चकतीला माणूस कळतो का हो? म्हणजे ही आईंचीच आहे, असं?”

“माणूस अंगठ्याला कळतो,” मी म्हटलं. माझं डोकं फिरलेलं होतंच. “चकतीला फक्त औषध कळतं. पहाटे कुणाच्या तरी रक्तात गोळी दिसली म्हणजे झालं तिचं समाधान. उद्या म्हशीला लावलीस तरी हिरवा दिवा देईल.”

ती हसली नाही. मी मात्र माझ्याच बोलण्यावर हसलो होतो, ते मला अजून आठवतं.

दुसऱ्या आठवड्यात पेटीनं तीन दिवस दिले, त्याच्या पुढच्या आठवड्यात सात. पहाटे तीन वाजता आलेखावर छान टेकडी उगवायला लागली. जुळणी शहाण्णव टक्के. मी समजलो, आत्तीनं ऐकलं. बरं वाटलं, आणि कुठंतरी वाईटही वाटलं, कारण ती ऐकणार नाही असं मला मनातून वाटत होतं. पण मी तिला काही विचारलं नाही. हिरव्या दिव्याला प्रश्न कोण विचारतं? रोजच्या रिक्षा थांबल्या, आत्ती गुरुवारी येऊन अंगठा लावून जायला लागली, आणि मला एवढंच पुरेसं वाटलं.

मार्चमध्ये एका संध्याकाळी पाचच्या सुमारास त्रिशला एकटीच आली. बाहेर अंगाची काहिली होत होती आणि हिच्या अंगात स्वेटर. बद्धकोष्ठाचं औषध हवं होतं, आईंसाठी म्हणाली. मॉर्फिन घेणाऱ्याला ते लागतंच. पण तिनं नेहमीच्या दुप्पट मागितलं. मी बिल करेपर्यंत तिला चार-पाच जांभया आल्या. नाक सारखं पुसत होती. पैसे द्यायला हात पुढे केला तेव्हा मनगटावर काटा उभा राहिलेला दिसला. गुरुवारी सकाळी तिच्या डोळ्यांतल्या बाहुल्या मोहरीएवढ्या दिसायच्या, तेव्हा मी म्हणायचो उन्हातून आलीय. औषधवाल्याला ही सगळी लक्षणं पाठ असतात. ती कधी घरातल्या माणसात बघावी लागतील, असं मात्र वाटत नाही.

मी दुकानाचं दार लोटून घेतलं आणि विचारलं, “त्रिशला, रात्री चकती कुणाच्या दंडावर असते?”

ती स्टुलावर बसली. लपवायचा तिनं प्रयत्नही केला नाही. पहाटे तीनला उठायची, आत्तीच्या दंडावरची चकती काढून स्वतःच्या दंडावर लावायची आणि गोळी गिळायची. दिवस उगवल्यावर चकती परत. आत्ती जागी असली आणि तिनं विचारलं, तर चार्जिंगला लावते म्हणून सांगायची. नुसती गोळी फेकून देऊन चकतीला फसवता येत नाही. औषध कुणाच्या तरी रक्तात जावंच लागतं. ते तिनं आपल्या रक्तात घेतलं होतं. त्रेचाळीस दिवस.

“आधी मळमळायचं,” ती म्हणाली. “उलटी आली तरी तोंड दाबून धरायचे, गोळी बाहेर पडली तर दिवा लाल येईल म्हणून. आता तसं होत नाही.” मग तिनं सांगितलं, “आता मी तीन वाजायची वाट बघते, दादा.”

ज्या सवयीतून माणसांना वाचवायला हा कायदा केला, ती सवय त्यानं गोळ्यांशी काडीचाही संबंध नसलेल्या एका धडधाकट बाईला लावली होती. आणि वाट मी दाखवली होती, म्हशीचा विनोद करून.

असा प्रकार कळल्यापासून चोवीस तासांत कळवायचं, असा नियम आहे. कळवलं असतं तर त्रिशलावर गुन्हा आणि आत्तीची पेटी कायमची बंद. मी कळवलं नाही. दुकान बंद करून त्रिशलाला गाडीवर मागे बसवलं आणि मळ्यात गेलो.

दिवस बुडायला अजून अर्धा तास होता. आत्तीची संध्याकाळची गोळी घेऊन झाली होती. मी सगळं सरळ सांगितलं, काही मऊ करून सांगितलं नाही. त्रिशला दाराशी उभी राहून फरशीकडे बघत होती. आत्तीनं तिला जवळ बोलावलं, तिचा तळहात आपल्या हातात घेतला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. तो गार आणि घामेजलेला असणार.

“जयपालला ठावं हाय?” तिनं विचारलं.

त्रिशलानं मान हलवली. नाही.

“माझं व्रत, आन औषध हिच्या पोटात,” आत्ती माझ्याकडं बघून म्हणाली. “मी हितं पडून पुण्य मोजत हुते, अभि. आन ही पोर माझ्या उशाला बसून इख गिळत हुती.” तिचा आवाज फुटला. आत्तीला रडताना मी त्याआधी एकदाच पाहिलं होतं, माझे वडील गेले तेव्हा.

मी म्हटलं, दुसरा काहीतरी मार्ग काढू, पुन्हा अर्ज करू. तिनं हातानंच मला थांबवलं. तिला उठवून बसवायला सांगितलं. बस्तीत, म्हणजे आमच्या मंदिरात, जाणं तिला शक्य नव्हतं, म्हणून त्रिशलानं देव्हाऱ्यातली भगवंतांची मूर्ती आणून समोरच्या पाटावर ठेवली. आत्तीनं हात जोडले आणि णमोकार मंत्र म्हटला. मग पंचेचाळीस वर्षांपूर्वी ज्या महाराजांसमोर व्रत घेतलं होतं त्यांचं नाव घेऊन, नीट, एकेक शब्द उच्चारून, रात्रीच्या औषधाएवढं आणि औषधाबरोबरच्या पाण्याएवढं व्रत आपण खाली ठेवतोय, असं सांगितलं. कारण सांगितलं नाही. क्षमा मागितली. मी भिंतीला टेकून उभा होतो आणि माझ्याही डोळ्यांतून पाणी येत होतं. जन्मात एकही व्रत धड न पाळलेला माणूस मी, पण काहीतरी मोठं मोडताना आपण बघतोय, हे मलाही कळत होतं.

निघताना मी त्रिशलाला अंगणात नेऊन समजावलं. दिवसाला एकच छोटी गोळी होती, त्यामुळे जिवाला धोका नाही. पण चार-पाच दिवस वाईट जातील. झोप येणार नाही, पाय आतून ओढल्यासारखे दुखतील, वाटेल एकच घ्यावी. घरातल्या गोळ्या आत्तीच्या उशाखाली राहतील, त्यांना तू हात लावायचा नाहीस. ती हो म्हणाली. ते चार-पाच दिवस मी रोज फोन केला. आत्ती उचलायची आणि ‘चाललंय’ एवढंच म्हणून ठेवून द्यायची.

पुढच्या गुरुवारी दोघी आल्या. आत्तीनं काचेवर अंगठा ठेवला. पेटीनं दोन आलेख एकमेकांवर ठेवून पाहिले आणि हिरवा दिवा लावला. जुळणी शहाण्णव टक्के. मागच्या गुरुवारीही शहाण्णवच होती. आधीच्या टेकड्या एका बाईच्या रक्तातल्या आणि या आठवड्यातल्या दुसरीच्या, पण पडद्यावर त्या सारख्याच दिसत होत्या.

आत्तीला रिक्षात बसवून त्रिशला गोळ्या घ्यायला आत आली. चेहरा उतरलेला होता, पण स्वेटर नव्हता आणि डोळे नीट होते. मी पाय कसे आहेत विचारलं, तेव्हा ती एकदम रडायला लागली.

पहिल्या रात्री तीनला तिनं आत्तीला गोळी आणि पाणी दिलं, म्हणाली. आत्तीनं डोळे मिटून ते घेतलं. मग त्रिशला आपल्या खाटेवर जाऊन पडली. खाटा शेजारी शेजारीच आहेत. पायात असा वळवळाट होत होता की ते भिंतीवर आपटावेसे वाटत होते. अर्ध्या तासानं तिला हालचाल ऐकू आली. आत्ती कुशीवर वळून खाटेच्या कडेला सरकली होती आणि हात लांब करून तिच्या पोटऱ्या दाबायला लागली होती.

“मी पाय ओढून घेतले,” त्रिशला म्हणाली. “सासूनं सुनेचे पाय दाबायचे म्हणजे काय, दादा? मी म्हटलं, आई, नको, तुमची कंबर. तर मला म्हणाल्या, गप पड. आता दुखत न्हाई मला.”

चारही रात्री तिनं ते केलं. तीनला गोळी, साडेतीनपासून उजाडेपर्यंत सुनेचे पाय. पाचव्या रात्री त्रिशलाला पहिल्यांदा झोप लागली. सकाळी उठून बघते तर आत्ती तशीच कडेला सरकून, एक हात तिच्या पायावर ठेवून झोपलेली.

त्या रात्रींचे आलेख पेटीत आहेत. कुणालाही मागवून बघता येतात. पहाटे साडेतीननंतर सगळीकडे एकच नोंद आहे: वेदना शून्य.